पांढरा डाग दिसला तिथून पुढं : माझा अनुभव

आमच्या गल्लीतली आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य सेविका, दोन वर्षं मागं लागली होती, तिशी ओलांडली की कॅन्सरसाठी गर्भपिशवीचं तोंड तपासून घ्यायचं असतं म्हणून, आणि मी दरवेळी तिला चहा पाजून वाटेला लावायचे. वय 41, पाळी वेळेवर, काही त्रास नाही, मग कशाला जायचं. शेवटी जाऊबाईच म्हणाल्या, "चल, मी येतो तुझ्यासंगं, एकटी नको जाऊस."

पहिल्यांदा जिथं गेलो तिथं बाहेर बाकावर पुरुषमंडळी बसलेली आणि आतून एक बाई ओरडली, "पिशवीच्या तपासणीवाल्या कोण कोण हाय?" एकीनंही हात वर केला नाही. मी पण नाही. आम्ही दोघी तशाच उठून केएमटीची बस पकडून घरी. त्या दिवशी परत फिरलेल्यातल्या किती जणी पुन्हा कधी गेल्या असतील, हे अजून मनात येतं.

दोन महिन्यांनी फक्त बायकांचा कॅम्प होता, तिथं जमलं. तिथल्या सिस्टरनी आधी ते स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून घालायचं साधन, हातात दिलं, बघा, एवढंच आत जाणार. साडी सोडायची नाही, परकर वर घ्यायचा, अंगावर चादर. मग कापसाच्या बोळ्यानं औषध लावलं, चायनीजच्या गाड्यावर येतो ना तसा व्हिनेगरचा वास, कारण ते असतंच त्यातलं ॲसिड. एक मिनिट थांबायचं. जिथं पेशी बदललेल्या असतात तो भाग पांढरा दिसतो. याला व्हीआयए म्हणतात, लॅब लागत नाही, निकाल तिथंच. दुखलं नाही, जरा ताण आल्यासारखं वाटलं एवढंच.

माझा पांढरा दिसला.

सिस्टर लगेच म्हणाल्या हा कॅन्सर नव्हे, पुढं बघावं लागेल. पण मी चार रात्री झोपले नाही, पोरीच्या दहावीचं काय, हेच डोक्यात. पुढं कॉल्पोस्कोपी झाली, म्हणजे दुर्बिणीतून बघतात, आणि बायोप्सीला छोटा तुकडा घेतला, तो चिमटा मात्र लागतो. दहा दिवसांनी रिपोर्ट, सीआयएन 2, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींतला बदल. डॉक्टरांनी कागदावर जिना काढून दाखवला, वर कॅन्सर, तुम्ही मधल्या पायरीवर. मग लीप केलं, जागा बधिर करून तारेच्या कड्यानं तेवढा भाग काढतात. संध्याकाळी घरी आले. थोडे दिवस पाणी जातं, महिनाभर संबंध नाहीत, जड उचलायचं नाही, पाण्याची कळशी पण नवऱ्यानं भरली.

हा आजार एचपीव्ही व्हायरसमुळं होतो आणि संबंधातून येतो म्हटल्यावर घरात जरा शांतता झाली. पण तो व्हायरस बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकदा आपोआप जातो, ज्यांच्यात वर्षानुवर्षं राहतो तिथं पेशी बिघडतात. यात कुणाच्या चारित्र्याचं काही नाही बायांनो, हे डॉक्टरांनी ह्यांच्यासमोरच सांगितलं ते फार बरं केलं.

2019-21 च्या सरकारी सर्व्हेत देशात 30 ते 49 वयाच्या बायकांत ही तपासणी कधीतरी केलेल्या फक्त 1.9 टक्के निघाल्या. आणि आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात लाखाच्यावर बायकांवर केलेला अभ्यास 2009 साली छापून आलाय, एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. त्या टेस्टचं सँपल बाईला स्वतःचं स्वतः ब्रशनं घेता येतं, झोपायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. ते गल्लीगल्लीत यायलाच पाहिजे. त्या दिवशी परत फिरलेल्या बायका त्याला नक्की तयार झाल्या असत्या.

जाऊबाईंची पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, त्या वयात व्हीआयएला नीट दिसत नाही म्हणून त्यांना एचपीव्ही टेस्टच लिहून दिलीय. आता त्या पुढं ढकलतायत, आधी ऊस जाऊ दे म्हणे. मी मंगळवारची वेळ घेऊन ठेवलीय, त्यांच्यासंगं मी जाणार.