एका उतारावरचे तीन खड्डे

जंगल, चराईचा माळ आणि नांगरटीचं शेत, तिन्ही एकाच उतारावर लागून. ओली माती बोटांत चोळली तर पोत, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमातीचं प्रमाण, तिन्हीकडे सारखाच लागतो. पोत वापराने सहसा बदलत नाही, बदलते ती जडणघडण, म्हणजे कणांची बांधणी आणि त्यांच्यामधली पोकळी. तीच बघायला गेलो होतो.

पहिली फेरी वाया गेली. आदल्या रात्री पाऊस झालेला. पाणी किती वेगाने जिरतं ते बघायला लोखंडी कडं ठोकलं की आजूबाजूची माती दबायची. वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना जा.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. जंगलात पालापाचोळा सारून कडं बसवलं, इंचभर पाणी ओतलं. घड्याळ बघेपर्यंत पाणी गायब! माळावर तेच पाणी अर्धा तास रेंगाळलं. गुरांच्या खुरांनी वरचा चार बोटांचा थर चोपून काढलाय. त्याखाली सुरी सहज जाते.

चकवलं ते शेतानं. दिसायला सगळ्यात भुसभुशीत, पहिलं पाणीही झटकन जिरलं. दुसरं मात्र तुंबलं. खणलं तर वितीवर पहार ठणकन वाजली. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर फिरला की खाली असा कडक थर धरतो. मुळं तिथवर सरळ आलेली आणि मग काटकोनात आडवी गेलेली. म्हणून पाणी दोनदा तरी ओता आणि खणल्याशिवाय निकाल देऊ नका. ट्रॅक्टरच्या चाकोरीत तर खड्डा घेऊच नका, ती वेगळीच गोष्ट आहे.

येताना ढेकळं आणली, वाळवली आणि पाण्याच्या ग्लासात सोडली. शेतातलं दोन मिनिटांत विरघळून तळाशी गाळ झाला. जंगलातलं तसंच बसून राहिलं. बुरशीचे तंतू आणि सेंद्रिय पदार्थ कणांना बांधून ठेवतात, आणि सतत नांगरट झाली की ही बांधणी तुटते.

घनता काढायची असेल तर ठरावीक घनफळाचा अखंड नमुना १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून तोला आणि वजनाला घनफळाने भागा. खनिज कणांची घनता साधारण २.६५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरतात. नमुन्याची १.०६ आली तर ६० टक्के पोकळी, १.५९ आली तर ४०. प्रत्येक ठिकाणी तीन तरी नमुने घ्या, दगड लागला तर तो नमुना सोडा.

आणि खड्डे बुजवताना खालची माती खाली, वरची वर.