कोल्हापूर ते मिरज, चालत

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आम्ही दहा-बारा जण न्यू शाहूपुरीतल्या वाइल्डर मेमोरियल चर्चपाशी पहाटे जमतो आणि चालत मिरजेला वानलेस हॉस्पिटलपर्यंत जातो. मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, मिशनचेच वानलेस डॉक्टर, त्यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. त्या दोघांना जोडणारा हा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. "ख्रिस्ती माणसांची कसली वारी?" असं कुणी विचारतंच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक सांगत. मग आम्ही वारी म्हणायला का लाजावं?

यंदा मी निघालो तो धास्तावलेलाच. शिरोलीत माझं लेथचं शेड आहे, फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं जॉबवर्क. एका पार्टीचं पेमेंट अडकलं, बँकेचे हप्ते थकले. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. रात्री तीनला डोळा उघडायचा तो उघडाच.

पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोली गाठेपर्यंत माझी प्रार्थना चालूच होती. अमुक रक्कम, तमुक तारखेपर्यंत, प्रभू. हेर्ल्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. आम्ही रस्त्याकडेला थांबलो. शेजारी काकू उभ्या होत्या. गुडघे दुखतात, पण दरवर्षी येतात. माझं पुटपुटणं त्यांच्या कानावर गेलं असावं.

"देवाला कोटेशन द्यायला लागलाईस व्हय रं?"

हसू आलं, पण लागलंही. त्या पुढं म्हणाल्या, "मागून झालं न्हवं? आता प्रभूची प्रार्थना म्हण आणि चाल."

म्हणत चाललो. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." पावलाला एकेक शब्द. पाठ असलेली ओळ, पण ऊन चढल्यावर, घसा कोरडा पडल्यावर तिच्यातलं 'आज' नीट ऐकू आलं. माझी सगळी भीती तर पुढच्या महिन्याची होती. आजची भाकर पिशवीत होती, झुणक्यासकट.

चोकाकजवळ झाडाखाली ती सोडली. एका निवृत्त मास्तरांनी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला गेथशेमाने बागेचा, म्हणजे क्रुसाआधीच्या रात्रीचा भाग वाचला. येशू दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो, तीही एकदा नव्हे, पुन्हा तेच मागणं. शिष्य झोपलेले. प्याला काही टळत नाही. पण शेवटी तोच शिष्यांना उठवतो, चला म्हणतो. खुद्द प्रभूलाही धास्ती वाटली, आणि ती त्यानं बापापुढं बोलून दाखवली, याचा मला फार आधार वाटला. पाळक लोक या उताऱ्यात आज्ञाधारकपणावरच जास्त बोलतात, असं माझं मत आहे.

हातकणंगल्याला मुक्काम. पायाला फोड, अंगाला कळा, आणि झोप मात्र सकाळपर्यंत अखंड.

दुसऱ्या दिवशी जयसिंगपूर मागं टाकून अंकलीच्या पुलावर आलो तेव्हा फोन वाजला. बँकेचा होता. घेतला. "सोमवारी येतो," म्हणालो. आवाज कापला नाही.

मिरजेत प्रार्थना केली, चहा घेतला, पॅसेंजरनं परत आलो. पेमेंट अजून अडकलेलंच आहे. सोमवारी बँकेत गेलो, साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. एरवी मी मान हलवून निघून आलो असतो. त्या दिवशी खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "साहेब, पुढच्या आठवड्यात म्हणजे कुठल्या वारी?"