तुम्ही विचारलंत म्हणून : शिवलेल्या कापडाला चित्र का म्हणायचे?

माऊगोझाता मिर्गा-तास या पोलिश चित्रकर्तीच्या कामाविषयी मी कुठेही बोलले की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो : "ही तर गोधडी झाली, हिला तुम्ही चित्र का म्हणता?" हा प्रश्न रास्त आहे, कारण या कामात रंगापेक्षा कापडच जास्त दिसते, आणि जुनेर कापड जोडून काही करायचे म्हटले की आपल्याला गोधडीच आठवणार. परंतु मी त्याला चित्र म्हणते ते विचारपूर्वक म्हणते, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देते.

आधी हे काम होते कसे, ते पाहू. मोठ्या कापडावर प्रसंगाची आखणी होते. मग जुने स्कर्ट, शर्ट, पडदे, चादरी कापून त्या आखणीत बसवल्या जातात आणि शिवल्या जातात. चेहरे आणि हात बहुधा ॲक्रिलिक रंगांनी रंगवलेले असतात. जवळ जाऊन पाहिले की खरी अडचण लक्षात येते. फुलाफुलांच्या छापील कापडाला स्वतःची नक्षी असते आणि ती नक्षी आकृतीला सपाट करून टाकते; बसलेल्या बाईच्या गुडघ्यावरून उतरणारा स्कर्टचा घोळ दाखवायचा, तर तेथे रंगात रंग मिसळून सावली काढता येत नाही. मग गडद छापाचा तुकडा फिकट छापाला लागून येतो, मध्ये कापाची एक तिरकी रेघ धावते, आणि चार पावले मागे सरकले की तोच गुडघा पुढे आल्यासारखा दिसतो. उजेड कोठून येतो, वजन कोठे पडते, नजर कोठे थांबते हे ठरवणे चित्रकाराचेच काम आहे. साधन कुंचला आहे की कात्री, याने त्यात फरक पडत नाही.

मिर्गा-तास यांचा जन्म १९७८ साली झाकोपाने येथे एका रोमा, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक 'जिप्सी' म्हणत आले त्या समाजातल्या, कुटुंबात झाला. तात्रा पर्वताच्या पायथ्याशी, स्पिश भागातल्या चार्ना गुरा या गावी त्या राहतात. तेथील रोमा फिरस्ते नाहीत, त्या डोंगराळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वसलेले आहेत. क्राकूफच्या ललित कला अकादमीत त्या शिल्पकला शिकल्या आणि २००४ मध्ये तेथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. वस्तूला हाताळून, तिचे अंगचे गुण ओळखून काम करण्याची सवय मला वाटते तेथलीच. चित्रांसाठी लागणारे कापड पुष्कळदा घरच्यांचे, मैत्रिणींचे, शेजारणींचे असते आणि शिवायलाही गोतावळ्यातल्या बायका सोबत बसतात. त्यामुळे चित्रातल्या बाईच्या अंगावर कधीकधी तिच्याच वापरातले कापड असते. व्यक्तिचित्रात माणसाचे साम्य हवे, अशी आपली अपेक्षा असते. येथे साम्याच्या जोडीला त्या माणसाची वस्तूच चित्रात येते, आणि हे सामर्थ्य तैलरंगाला नाही.

हे सारे एवढ्या आग्रहाने का करायचे, याचे कारण रोमांच्या इतिहासात आहे. कित्येक शतके युरोपात रोमांची चित्रे काढली ती इतरांनी. सतराव्या शतकातल्या जाक कालो या फ्रेंच मुद्राचित्रकाराने भटक्या रोमांच्या तांड्याची चार प्रसिद्ध चित्रे कोरली. कौशल्य अप्रतिम आहे, पण त्यांखालच्या ओळी त्यांना दरिद्री आणि भविष्य सांगत फिरणारे म्हणून हिणवतात. मिर्गा-तास यांनी त्याच रचना उचलल्या आणि काळ्या-पांढऱ्या रेघांतल्या त्या माणसांना रंगीत, दिमाखदार कपडे चढवले. कोणाची प्रतिमा कोण घडवतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ चर्चेचा नाही. नाझी राजवटीत ठार झालेल्या रोमांच्या स्मरणार्थ बोझेंचिन येथे त्यांनी घडवलेले लाकडी शिल्प २०११ मध्ये उभे राहिले आणि २०१६ मध्ये समाजकंटकांनी ते तोडून टाकले.

व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात २०२२ मध्ये पोलंडचे दालन त्यांच्याकडे आले. एखाद्या देशाच्या राष्ट्रीय दालनात त्या देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या त्या पहिल्या रोमा कलावंत. दालनाच्या भिंती त्यांनी बारा महिन्यांच्या बारा भव्य पटांनी झाकल्या. त्यांचा आदर्श होता इटलीतल्या फेरारा येथील स्किफानोया प्रासादाचे 'महिन्यांचे दालन'. पंधराव्या शतकात फ्रान्चेस्को देल कोस्सा आणि इतरांनी रंगवलेल्या त्या भिंतींवर तीन पट्टे आहेत : वर देवदेवता, मध्ये राशी, खाली ड्यूक बोर्सो देस्ते याचा दरबार आणि त्याची प्रजा.

मधल्या पट्ट्याची कथा आपल्याला विशेष जवळची आहे. तेथे प्रत्येक राशीसोबत तीन गूढ आकृत्या आहेत आणि त्या कोण, हे कोणाला उलगडत नव्हते. १९१२ मध्ये आबी वारबुर्ग या जर्मन कला-इतिहासकाराने दाखवून दिले की हे राशींचे द्रेष्काण, म्हणजे प्रत्येक राशीच्या तीन भागांच्या आकृत्या, आहेत आणि त्यांचा माग बगदादच्या अबू मशर या ज्योतिष्याच्या ग्रंथातून थेट वराहमिहिरापर्यंत जातो. त्याच्या 'बृहज्जातका'त मेषेचा पहिला द्रेष्काण म्हणजे कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेला, लाल डोळ्यांचा, परशू उगारलेला काळा पुरुष. फेरारात तोच फाटक्या पांढऱ्या कपड्यांत, कमरेला दोर बांधून उभा आहे. रोमांचे पूर्वजही सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले आणि त्यांची भाषा आजही आर्यभारतीय कुळातली आहे. भारतातून निघालेल्या प्रतिमेला राजवाड्याची भिंत मिळाली, पण भारतातून निघालेल्या माणसांच्या वाट्याला हेटाळणी आली, हा विरोध मला त्या पटांसमोर फार तीव्रतेने जाणवतो.

मिर्गा-तास यांनी तिन्ही पट्टे ठेवले आणि त्यांतली माणसे बदलली. वर कालोच्या तांड्यावरून रचलेला रोमांचा प्रवास येतो आणि मध्ये राशींच्या सोबतीला त्यांना आदरणीय वाटणाऱ्या रोमा स्त्रिया येतात. वरचा पट्टा मला क्वचित सजावटीकडे झुकलेला वाटतो. मधला फार भारदस्त आहे. माझे मन सर्वांत रमते ते खालच्या पट्ट्यात. फेरारामध्ये त्या पट्ट्यात महिन्यामागून महिना ड्यूक बोर्सोच पुन्हा पुन्हा दिसतो, शिकारीला निघालेला, न्याय देणारा, सरदारांच्या गराड्यात हसणारा. येथे त्याच्या जागी चार्ना गुराच्या बायका आपापल्या रोजच्या कामांत आणि गप्पांत दंग आहेत, आणि त्यांच्या अंगावरचे कपडे त्याच गावातल्या कपाटांतून आलेले आहेत.