बाबांच्या ओम्नीसाठी इंजिन

मे महिन्याच्या उन्हात बाबांच्या ओम्नीचं इंजिन गरम होऊन जाम झालं. आज मिस्तरीकाकांना घेऊन अमळनेरहून धुळ्याला गेलो, जुनं इंजिन आणि गिअरबॉक्स बघायला. भंगारवाले म्हणाले, "भाऊ, एकदम चालू माल आहे." काका काही बोलले नाहीत. आधी त्यांनी पाना लावून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने फिरवला. मग ऑइलचं झाकण काढून आत बोट फिरवलं. दुधाळ चिकटा असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय समजायचं. तसं नव्हतं.

खरी परीक्षा पुढे होती. स्टार्टरला बॅटरी जोडून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. दोन ठीक निघाले, तिसरा बराच कमी. काकांनी त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर काटा चढला. ऑइलने पिस्टनच्या रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजते, म्हणजे व्हॉल्व्ह नाही, रिंगा गेल्यात. काकांचं हे बघताना मला फार समाधान वाटलं, नुसत्या शब्दावर पैसे गेले असते.

ते इंजिन सोडलं. दुसऱ्याचे तिन्ही सिलिंडर जवळपास सारखे निघाले, तेच घेतलं. गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघितलं, लोखंडाचे तुकडे नव्हते. इंजिन नंबर टाकून पक्कं बिल घेतलं, कारण आरसी बुकावर नवा नंबर चढवावा लागतो.

बसवण्याआधी ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि क्लचप्लेट नवीन टाकणार. बाबा संध्याकाळपासून तीनदा ओट्यावर जाऊन इंजिनाला हात लावून आलेत.