बिल्ल्यावरच्या सिंहाची बाजू

आपल्या शाळेच्या बिल्ल्यावरच्या सिंहाला प्रत्येक बॅचने कुत्रा म्हणून झालंय. कंबर मुठीत मावेल एवढी, जीभ लालभडक, शेपूट डोक्याच्याही वर. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्याची बाजू मांडतो.

हे रूप मध्ययुगीन युरोपातल्या ढालींवरून आलं. 'त्यांनी सिंह पाहिलाच नव्हता' हे उत्तर सगळे देतात, ते अपुरं आहे. लंडनच्या टॉवरमध्ये तेराव्या शतकात सिंह पाळलेले होते. १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजाने तिथे हत्ती पाठवला. मॅथ्यू पॅरिस या भिक्षूने काढलेला तो हत्ती आजही हत्तीच वाटतो. म्हणजे हात तयार होता. ढालीचं काम वेगळं होतं : घोड्यावरचा माणूस कोण, हे लांबून कळायला हवं.

ढाल वर रुंद, खाली निमुळती. तिच्यात एकच चालता सिंह बसवला तर वर-खाली जागा ओस पडते. तोच मागच्या पायांवर उभा केला, पुढचे पंजे एका बाजूला उगारले, दुसऱ्या बाजूला शेपूट उंच वळवली आणि एक पाय खालच्या टोकाशी टेकवला, की ढाल भरली. चालतेच हवेत तर एकाखाली एक तीन. इंग्लंडचा राजा रिचर्ड पहिला याच्या ११९८ च्या राजमुद्रेवर तसे आहेत.

बारीक कंबरेचं गुपित फटीत आहे. पोट आणि मांडी यांच्यामधून मागचा रंग दिसला नाही, तर दुरून नुसता गोळा दिसतो. म्हणून पाय सुटे, बोटं फाकलेली, छायाप्रकाश नाही. ढालींच्या नियमांत सोनेरी-रुपेरी हे 'धातू'. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. इंग्लंडमध्ये जीभ-नखं सहसा लाल. सिंह किंवा ढालच लाल असेल तर निळी.

शिवाय चिन्ह शब्दांत ठरे : 'निळ्यावर सोनेरी उभा सिंह'. चित्र ज्याच्या त्याच्या हाताचं, आणि हातातल्या मालाचं. १३७६ मध्ये वारलेल्या ब्लॅक प्रिन्सची, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाची, ढाल कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आहे. तिच्यावरचे प्राणी चामड्यात उठवलेले आहेत. चामड्यात केसन्‌केस कसा निघणार?

नव्या बिल्ल्यासाठी फोटोवरून 'खराखुरा' सिंह घ्यायची सूचना आहे म्हणे. मशीनच्या भरतकामात मिलिमीटरभराची फट धाग्याने बुजते. चार सेंटिमीटरच्या बिल्ल्यात आधी आयाळ जाईल, मग चेहरा. जुनाच सिंह ठेवा, पोट-मांडीतली फट मात्र दोन मिलिमीटर करा.