सक्युलंटची नवीन प्रजाती ठरते तरी कशी?

कुंडीतलं जरा वेगळं दिसणारं सक्युलंट, म्हणजे पाणी साठवणारं गरदार झाड, दाखवून लोक मला विचारतात, ही नवीन प्रजाती असेल का हो? नुसत्या कुंडीतल्या रोपावरून ते सांगताच येत नाही! ऊन कमी मिळालं की तीच हावर्थिया (एक छोटं सक्युलंट) लांबुडकी हिरवीगार होते आणि कडक उन्हात लालसर, घट्ट, दोन वेगळी झाडं वाटावीत इतकी. म्हणून मूळ जागी जाऊन तिथली बरीच रोपं बघायची, फुलं बघायची, आसपासच्या जवळच्या प्रजातींशी ताडून बघायचं, आणि फरक पिढ्यानपिढ्या टिकतोय असं वाटलं तर पुढचं.

पुढचं म्हणजे होलोटाइप. ज्याच्यावर ते नाव कायमचं बांधलं जातं असा एक नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवावा लागतो, आणि सक्युलंटवाल्यांची खरी परीक्षा इथेच असते, कारण ही झाडं वाळतच नाहीत. साधं रोप कागदात दाबलं की काही दिवसांत वाळतं, पण हे आठवडेच्या आठवडे जिवंत राहतं, कधी कधी दाबलेल्या अवस्थेत कोंब पण काढतं, नाहीतर सरळ कुजतं. मग पानं चिरून आतला गर खरवडायचा, किंवा आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारायचं, आणि फुलं अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवायची. एवढं करूनही लिथॉप्ससारख्या, खड्यासारख्या दिसणाऱ्या झाडाचा रंग, वरची नक्षी जातेच, म्हणून जिवंतपणीचे फोटो आणि नोंदी मला तेवढ्याच मोलाच्या वाटतात.

मग वर्णन छापायचं. 2012 च्या आधी ते लॅटिनमध्येच लागायचं, आता इंग्रजीही चालतं.

आणि एवढं होऊनही नाव टिकेलच असं नाही. डीएनए अभ्यासानंतर 2013 मध्ये हावर्थिया या गटाचे तीन भाग झाले, घरोघरी असलेलं झेब्रा प्लांट आता हावर्थियॉप्सिस आहे. लोक वैतागतात, मला मात्र हे आवडतं, नात्यागोत्याचा हिशोब नीट लागतोय ना!

एका गोष्टीबद्दल मात्र मी ठाम आहे. नवीन प्रजाती जाहीर करताना नेमकी जागा सांगू नये. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम नावाची छोटी सक्युलंट चोरून उपटून नेतात, आणि यातल्या कित्येक प्रजाती एखाद्या टेकडीपुरत्याच असतात, चार पोती भरून नेली की संपलं. आपणही विकत घेताना रोप बियांपासून वाढवलंय का ते विचारायचं, आणि विकणारा नीट सांगत नसेल तर घ्यायचंच नाही.