तीन की आठ?

डिजिटल चित्रं तपासण्याच्या प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला आमच्यापुढे एक धूसर फोटो आला. रात्रीची वेळ, धावती गाडी, इंग्रजी आकड्यांची नंबरप्लेट. शेवटचा आकडा ओळखायचा होता. फोटो एडिट करण्यात माझा हात बऱ्यापैकी बसलेला. मी शार्पनिंग चढवलं, कॉन्ट्रास्ट ताणला आणि दहा मिनिटांत ‘आठ’ म्हणून मोकळा झालो. शेजारणीला तीन मिळाला होता. दोघांच्याही स्क्रीनवर आपापला आकडा स्वच्छ दिसत होता! मॅडमनी दोन्ही पाहिले, “बरं” म्हणाल्या आणि पुढे गेल्या. उत्तर सांगितलंच नाही.

माझा आठ कुठून आला ते दुसऱ्या दिवशी कळलं. जेपेग फाइल चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि जागा वाचवायला प्रत्येकातला बारीक तपशील ढोबळ करून टाकते. कॉम्प्रेशन जास्त असलं की चौकोनांचे सांधे दिसायला लागतात. आकड्याची डावी बाजू बंद करणारी माझी रेघ नेमकी अशा एका सांध्यावर होती. शार्पनिंगने तिला उठाव दिला, एवढंच.

मग नियम सुरू झाले. मूळ फाइल आली की आधी तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा ओळख-आकडा, काढून लिहून ठेवायचा, काम फक्त कॉपीवर करायचं, कॉपी पुन्हा जेपेगमध्ये सेव्ह करायची नाही. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि मी ते दोनदा विसरलो.

सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवर दोन दिवस गेले. त्यासाठी फिजी वापरलं, म्हणजे इमेजजे या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरचीच जास्त साधनं भरलेली आवृत्ती, दोन्ही मोफत. कॅमेरा १२ बिटचा, म्हणजे उजेडाच्या ४०९६ पायऱ्या; साध्या ८ बिट चित्रात २५६. मी सवयीने चित्र आधी ‘छान’ करून घेतलं आणि मग पेशींची चमक मोजली. आकडे अर्थातच निकामी, कारण मोजणी मूळ पिक्सेलवरच करायची असते. जिथे पिक्सेल कमाल किमतीला जाऊन टेकलेत, तिथे तर खरी चमक किती होती हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. अशा चित्राचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख, उघडला की उजव्या टोकाला उभा सुळका दिसतो. आता मी आधी तोच बघतो.

सगळ्यात रमलो ते फूरिए रूपांतरात, म्हणजे चित्र लहरींमध्ये मोडून दाखवणाऱ्या गणितात. छपाईच्या ठिपक्यांनी भरलेल्या कागदावर बोटाचा ठसा होता आणि ठिपक्यांच्या गर्दीत ठशाच्या रेषा हरवल्या होत्या. चित्राचं फूरिए रूपांतर केलं, की ठराविक अंतराने येणारी नक्षी काही मोजक्या लखलखीत बिंदूंत गोळा होते. ते बिंदू झाकायचे आणि उलट रूपांतर करून चित्र परत आणायचं. ठिपके गेले, रेषा वर आल्या. मी चक्क खुर्चीतून उठलो. पण हावरटपणे बिंदू झाकणारा मास्क मोठा केला, तेव्हा काही रेषाही ठिपक्यांबरोबर पुसल्या गेल्या. कारण ठशाच्या रेषाही जवळजवळ सारख्या अंतरावरच असतात. मधलं माप सापडेपर्यंत संध्याकाळ झाली.

खरी फजिती पुढच्या सरावात झाली. आपली नोंदवही शेजाऱ्याला द्यायची आणि त्याने फक्त ती वाचून तेच चित्र काढून दाखवायचं. माझ्या वहीत लिहिलं होतं, “मीडियन फिल्टर, मग थोडं शार्प.” (मीडियन फिल्टर प्रत्येक पिक्सेलला आजूबाजूच्या पिक्सेलांची मधली किंमत देतो.) शेजारीण म्हणाली, “अरे, थोडं म्हणजे किती?” त्रिज्या किती पिक्सेल, क्रम कोणता, आवृत्ती कोणती, काहीच नव्हतं. तिचं चित्र माझ्याशी जुळलं नाही, आणि तिची वही मात्र माझ्याकडून पहिल्या फटक्यात जुळली. थोडं लागलंच ते मनाला.

शेवटच्या दिवशी तीच गाडी परत आली, पण या वेळी व्हिडिओत. १६ फ्रेम एकमेकींवर नीट बसवून सरासरी काढली, तर प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा येणारा नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, साधारण चौथ्या भागावर येतो; १६ चं वर्गमूळ चार. आधीचे आकडे मोकळे झाले. शेवटच्याची उजवी बाजू गोलाईची आहे हे आता नक्की दिसत होतं. डावी बाजू बंद आहे की उघडी, ते काही केल्या कळेना. माझा हात शार्पनिंगच्या बटणावर गेला होता, खोटं कशाला सांगू. अहवालात लिहिलं: “तीन किंवा आठ. एक, चार, सात नाही. यापुढे या व्हिडिओतून सांगता येत नाही.”

मॅडमनी अहवाल वाचला, त्या ओळीवर काहीच बोलल्या नाहीत. वरच्या एका पायरीखाली लाल रेघ मारून विचारलं, “फ्रेम सरकवून बसवताना इंटरपोलेशन कोणतं वापरलंत?”

सरकवलेल्या फ्रेममध्ये पिक्सेलांच्या मधल्या किमती कोणत्या पद्धतीने काढल्या, तेवढंच लिहायचं राहिलं होतं.